रंभाबाईसाठी शॉकअप

समजा, भंगाराच्या दुकानात गोणपाटावर तुमच्यासमोर तीन शॉकअप मांडून ठेवलेत. एक मोपेडचा, एक स्कूटरच्या मागच्या चाकाचा आणि एक मोटारसायकलचा. त्यातला एक उचलून तुम्हाला सायकलला बसवायचा आहे. साध्या काळ्या, बावीस इंची सायकलला. चालवणारा अठ्ठावन्न किलोचा, मागे कॅरिअरवर बसणारी बावन्न किलोची, आणि त्या बसणारीच्या कमरेला हादरा चालत नाही. रस्ता साडेआठ किलोमीटरचा, त्यातले शेवटचे तीन किलोमीटर निव्वळ दगडमातीचे. तुम्ही कुठला उचलाल?

१९८७ सालच्या नोव्हेंबरात झुंबर सानप बोईसरला दादूच्या दुकानात उकिडवा बसून हेच ठरवत होता. झुंबर मूळचा बीडकडचा. तारापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात फिटर होता. पंप बसवायचे, बोल्ट आवळायचे, थरथरणारं यंत्र जागच्या जागी धरून ठेवायचं, हे त्याचं अकरा वर्षांचं काम. सालवडला एका खोलीत तो आणि त्याची बायको रंभाबाई राहत.

रंभाबाई बालवाडी शिकवायची. बोईसरचे रूळ ओलांडून पूर्वेला डोंगराकडे आत गेलं की एक पाडा लागतो, तिथे. एसटी तिथवर जायची नाही. झुंबर सकाळी तिला कॅरिअरवर बसवून पोचवायचा, एकटा परत यायचा, दुपारी आणायला जायचा आणि मग तीनच्या पाळीला कामावर. चार वर्षं हे सुरळीत चाललं होतं. ऑगस्टमध्ये धुण्याच्या दगडावर रंभाबाईचा पाय घसरला आणि कंबर धरली. पालघरच्या डॉक्टरांनी तीन महिने झोपवून ठेवलं, मग म्हणाले, आता चाला, काम करा, फक्त हादरा नको. इकडे बालवाडी चालवणाऱ्या संस्थेचं पत्र आलं. एक डिसेंबरला हजर झाला नाहीत, तर त्या जागी दुसऱ्या बाईंना नेमू.

पत्र वाचून रंभाबाई एवढंच म्हणाली, "कमरेपेक्षा हे घरात बसणंच जास्त दुखतंय."

त्या वाक्यानं झुंबर कामाला लागला. सायकलची मागची चौकट त्यानं पुढच्या चौकटीपासून कापून सुटी केली, पायडलच्या मागे बिजागरीसारखी जोडली आणि वरच्या बाजूला, सीटखालच्या नळीपाशी, शॉकअपला जागा ठेवली. कॅरिअर मात्र पुढच्या चौकटीला जोडलं. ते मागच्या चौकटीवर राहिलं असतं, तर चाकाबरोबर बसणारीही उडाली असती. आता उरला तो शॉकअप.

"फिटर, सायकलला शॉकअप?" दादू म्हणाला. "उद्या पंख लावशील."

"तू तुझ्या मालाचं बोल."

"माल चांगला हाय. ह्यो मोटारसायकलचा घे, राजा हाय."

राजा हातभर लांब होता. तो बसवला असता, तर सीट दादूच्या पत्र्याला टेकली असती. झुंबरनं तो बाजूला सारला. मोपेडचा शॉकअप देखणा, हलका, मापात बसणारा. पण झुंबरच्या जोडणीत चाक दोन बोटं वर आलं की शॉकअप एकच बोट दबत होता, म्हणजे शॉकअपवर भार दुप्पट येणार. झुंबरनं तो जमिनीवर उभा धरला आणि छाती टेकून वर रेलला. एका माणसाच्या भारानंच स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले. तोही गेला.

स्कूटरचा होता, त्याच्या जोडीला दादूनं आतून आणखी एक काढला. पहिला चकाचक पुसलेला. दाबून सोडला की बेडकासारखी उडी मारायचा.

"बघ कसा जिवंत हाय," दादू म्हणाला.

"जिवंत नाही, आतलं तेल गेलंय. ह्याच्यावर माणूस बसला तर घरापर्यंत नाचत येईल."

दुसरा धुळीनं माखलेला, उमरोळीच्या कुणाच्या तरी मोडक्या स्कूटरचा. झुंबरनं तो दाबला. जोर लागला. सोडला, तर सावकाश, ओढून धरल्यासारखा वर आला. दांडीवरून बोट फिरवलं, बोट कोरडं, म्हणजे तेल आतच होतं. हाच, झुंबरनं ठरवलं.

कारखान्याच्या काट्यावर त्यानं वाळूची गोणी बरोबर बावन्न किलो भरून घेतली. कमरेला जपायचं असेल तर रंभाबाईला कशाला उगीच त्रास, असा त्याचा हिशेब. गोणी कॅरिअरवर बांधून तो सालवडभर हिंडला. शेजारच्या खोलीतला नागोराव ओट्यावरून ओरडला, "वहिनींना घरी ठेवून वाळूला फिरवतोस व्हय रं?"

झुंबरला एकच गोष्ट खटकली. गोणी ठेवून आपण सीटवर बसलं की सायकल बोटभर खाली बसत होती. चालायच्या आधीच बसते म्हणजे ढिली आहे, असं त्याच्या हातांनी ठरवून टाकलं. भार पडताच खचणारा पंप त्यानं कधी पास केला नव्हता. त्यानं स्प्रिंगच्या टोकाशी तीन जाड वायसर, लोखंडी चकत्या, घातले आणि ती आधीच दाबून बसवली. आता गोणीसकट बसलं तरी सायकल तसूभर हलेना. खणखणीत. तो खूष झाला.

रविवारी त्यानं रंभाबाईला बसवलं. डांबरी रस्ता संपेपर्यंत ती बोलत होती. मातीचा रस्ता लागला तशी गप्प झाली. ओढ्यावरच्या मोरीपाशी म्हणाली, "थांबवा."

ती उतरली आणि कमरेवर हात ठेवून कठड्याला टेकली. चेहरा पांढरा पडला होता.

"लागलं?"

"जाऊ द्या. मी चालत येते घरी."

"स्प्रिंग कमी पडली," झुंबर म्हणाला. "अजून एक वायसर घालतो. जरा कडक झाली की..."

"अजून कडक?" रंभाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. "त्या गोणीला इचारलं का तुमी, कुठं लागतंय म्हणून?"

झुंबरनं सायकल कठड्याला टेकवून उभी केली.

"मला इचारा की. चाक दगडावर चढतं, तवा मला कायबी होत नाही. खड्डा आला की लागतं. चाक खड्ड्यात उतरतच नाही. सगळी सायकल माझ्यासकट आत आपटती." मग जरा दम घेऊन म्हणाली, "डोक्यावर घागर घेऊन उतरण उतरताना गुडघा आधीच जरा वाकवून ठेवावा लागतो. ताठ पायानं उतरलं तर मणक्यात कळ येती. तुमची सायकल ताठ पायाची झाली."

झुंबर खाली बसला. शॉकअपकडं पाहत त्यानं रंभाबाईला पुन्हा एकदा, नुसतं उभ्या सायकलवर बसायला सांगितलं. ती कठडा धरून बसली. शॉकअप हलला नाही. तो होता तेवढा आधीच पूर्ण उघडलेला होता. म्हणजे खड्डा आला की त्याला अजून लांब होता येणार नव्हतं, चाकाला खाली जायला जागाच नव्हती. दगडासाठी त्यानं वर जागा ठेवली होती. खड्ड्यासाठी खाली ठेवायची जागा त्यानंच तीन वायसर घालून बुजवली होती. अकरा वर्षं यंत्र हलू नये म्हणून आवळण्यात गेली, आणि तेच हात इथंही चालले होते.

"पाना हाय का जवळ?" रंभाबाईनं विचारलं.

पाना त्याच्या खिशात कायमच असायचा. तिथंच मोरीवर त्यानं शॉकअप उतरवला, वायसर काढले. शॉकअप परत बसवला आणि तिला बसवून स्वतः अलगद सीटवर बसला. सायकल बोटभर खाली गेली.

"बसली बघा," तो ओशाळून म्हणाला.

"बसू द्या."

मोरीच्या पुढे दोन खड्डे होते. पहिल्यात तो मुद्दाम हळू गेला. रंभाबाई म्हणाली, "नेहमीसारखं चला." दुसऱ्यात तो नेहमीसारखा गेला. मागचं चाक खड्ड्यात उतरलं, वर आलं, आणि मागून काही आवाज आला नाही. त्यानं वळून पाहिलं.

"पुढं बघा," ती म्हणाली. "कंबर हाय जागेवर."

एक डिसेंबरला सव्वानऊला ते पाड्यावर पोचले. बालवाडीत मदतीला असलेली नवसी झोपडीसमोर झाडत होती. केरसुणी टाकून तिनं रंभाबाईचा हात धरला. "तू आली, बाई. आमाला वाटला नवी येल. पोरां इच्यारून इच्यारून माजा डोका खात." मग सायकलकडं वाकून पाहत झुंबरला म्हणाली, "हिला काय झालाय? हिची कंबर मोडली काय?"

"मोडली नाही. वाकायला शिकवली," रंभाबाई म्हणाली आणि आत गेली. आतून एकवीस पोरांचा एकदम गलका झाला. हजेरीचं पुस्तक हातात घेऊन ती भिंतीला टेकून सरळ बसली, तेवढं बघून झुंबर निघाला.

परतीच्या वाटेवर कॅरिअर रिकामं होतं. पहिल्याच खड्ड्यात सायकलनं त्याला असं वर फेकलं की दात दातावर आपटले. दुसऱ्यात तेच. त्यानं थांबून पाहिलं. एकट्याच्या भारानं शॉकअप जेमतेम हलत होता, पुन्हा ताठ पायाचा झाला होता. त्याला एकट्याला मोपेडचा हवा होता, दोघांना स्कूटरचा. आणि जाताना दोघं, येताना एकटा, हा फेरा तर रोजचा.

पुढं त्यानं ह्यावरचा उपाय कारखान्यातल्या दोन इंजिनिअरांना विचारला. एक हसला, एकानं पुस्तक बघून सांगतो म्हटलं. सायकल पुष्कळ वर्षं चालली, रंभाबाईची बालवाडीही. कुणी नवी मोटारसायकल घेऊन सालवडला आलं की झुंबर आधी तिच्या मागच्या चाकाशी वाकतो, हातानं दाबून बघतो आणि मालकाला विचारतो, "एकट्यानं बसलं की मऊ लागेल, आणि दोघं बसले की आपली आपणच कडक होईल, अशी एकच स्प्रिंग कुणी करतं का हो?"