ह्यांना विचारून सांगते

ईरा आणि नील, चुना मारून दोन दिवस झालेल्या रिकाम्या खोलीत पाऊल टाकलं की एक गार, किंचित तिखट वास नाकाशी येतो. भिंती नव्या झाल्याचा आणि आधीची माणसं पुसली गेल्याचा. गेल्या रविवारी सकाळी मी आपली वरची खोली बघायला गेले, तेव्हा तो वास आला आणि आदल्या दिवशी ईराशी फोनवर झालेलं बोलणं मनात उभं राहिलं. ईरा, तुझ्या ऑफिसात एका सहकाऱ्यावर दुसऱ्याच्या चुकीचं खापर फुटलं. खरं काय ते तुला ठाऊक होतं आणि तू गप्प बसलीस. तू रडवेली झाली होतीस. मी घाईघाईनं म्हणाले, तुझ्या हातात काय होतं, बाळा? तुला बरं वाटलं, मलाही वाटलं. पण त्या पांढऱ्या भिंतींमध्ये उभी असताना कळलं, की आजीनं नातीला खोटं सांगितलं. ते दुरुस्त करायला हवं, आणि लगेच हवं. उशीर झाला की खोटं अंगवळणी पडतं. नील, तूही वाच. तुझी पाळी यायचीच आहे.

मी बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं होतं, तेही इंग्रजीतून. मनुष्य स्वतंत्र आहे की परिस्थितीनं बद्ध, या प्रश्नाचं उत्तर मी समास आखून, महत्त्वाच्या ओळी पट्टीनं अधोरेखित करून लिहिलं होतं. मनुष्य स्वतंत्र आहे, म्हणूनच तो उत्तरदायी आहे, असा माझा निष्कर्ष होता. सरांनी वर्गात तो वाचून दाखवला. मला वाटलं, आयुष्यातला तो एक प्रश्न तरी सुटला! केवढा हा भाबडेपणा! कागदावर सुटलेले प्रश्न दारात येऊन उभे राहतात, तेव्हा त्यांना वेगळा चेहरा असतो, हातात पिशवी असते, पायांत धुळीनं भरलेल्या चपला असतात.

यवतमाळातून लोहाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची आपली वसाहत तुम्ही पाहिली आहे. इथली बहुतेक घरं नोकरदारांची, कचेऱ्यांत आणि शाळा-कॉलेजांत आयुष्य गेलेल्यांची. आम्हा बायकांचं एक ठरलेलं वाक्य होतं: 'ह्यांना विचारून सांगते.' कुणी वर्गणी मागो, अर्जावर सही मागो, खोली मागो. वास्तविक घरातलं सगळं आम्हीच ठरवत असू. पडद्याच्या रंगापासून मुलांच्या कॉलेजापर्यंत कुठल्याही गोष्टीत तुमच्या आजोबांचं मत मी घेतलं नाही, आणि त्यांनी ते दिलं नाही. पण नाही म्हणायचं आणि नकाराचं ओझं मात्र अंगावर घ्यायचं नाही, त्यासाठी हे वाक्य फार सोयीचं. ऐकणाऱ्यालाही त्याचा अर्थ कळायचा. तो पुन्हा यायचा नाही.

सहा वर्षांपूर्वी सुजाता खोली विचारत आली. ती परिचारिका. झरी जामणीकडच्या आरोग्य केंद्रातून बदली होऊन यवतमाळच्या दवाखान्यात आलेली. आईची मूत्रपिंडं निकामी झालेली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. महागावकडच्या खेड्यातून दर खेपेला एसटीनं येणं त्या माउलीला झेपेना. म्हणून एका मैत्रिणीच्या खोलीत दोघी कशाबशा राहत होत्या, तीही महिनाअखेर सोडायची होती. आपल्या घरापासून दवाखाना रिक्षानं दहा मिनिटांवर. मला मुलगी आवडली. नेमकं बोलत होती, वेळेवर आली होती. मी किल्ली घ्यायला उठले आणि उठता उठता सवयीनं विचारलं, पूर्ण नाव काय गं तुझं?

पूर्ण नाव विचारणं ही आमची सभ्य रीत. थेट जात विचारणं असंस्कृत. आडनाव विचारलं की काम भागतं. तिनं सांगितलं. ती बौद्ध होती. माझा हात किल्लीपर्यंत गेला नाही. मी अगदी गोड आवाजात म्हणाले, ह्यांना विचारून सांगते.

त्या वेळी माझ्यावर कुणाची सक्ती होती? कुणाचीही नाही. आजोबा ओसरीत कुंडीतली माती मोकळी करत होते. त्यांच्यापर्यंत शब्दही गेला नव्हता. शेजारी काय म्हणतील, देवघर वरच्या खोलीच्या बरोबर खाली आहे, अशी कारणं नंतर एकेक करून आली आणि शहाण्यासारखी रांगेत उभी राहिली. आधी आला तो नकार. गावातल्यांचा रोष पत्करून धम्म स्वीकारणारे सुजाताचे आजोबा कधी शाळेत गेले नव्हते, हे मला पुढे तिच्या आईकडून कळलं. स्वातंत्र्यावर निबंध लिहिणारी मी, माझ्याच घराची किल्ली माझ्याच हातानं उचलू शकले नव्हते!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फाटक वाजलं. सुजाता परत आली होती. रीतीप्रमाणे तिनं यायला नको होतं. ती माझ्याकडे आलीच नाही. सरळ ओसरीत आजोबांसमोर उभी राहिली.

"काका, काकू म्हणाल्या का तुम्हाले विचारून सांगतो. काय ठरलं मग?"

आजोबांनी चष्मा काढला, पुसला, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"मले तं कोनी काही विचारलंच नाही, पोरी."

एवढं बोलून ते पुन्हा कुंडीकडे वळले. मला वाचवायला त्या घरात कुणी उरलं नाही. अजूनही एक वाट होती: खोली कालच दुसऱ्याला दिली, असं म्हणता आलं असतं. ते वाक्य ओठांपर्यंत आलंही होतं. पण ती मुलगी माझ्याकडे ज्या शांत नजरेनं पाहत होती, तिच्यात राग नव्हता, विनवणीही नव्हती. ती फक्त वाट पाहत होती, मी काय निवडते त्याची. मी म्हणाले, विचारायचं काही नव्हतंच. तुझं नाव ऐकलं आणि मी मागे सरले.

"ठाऊक होतं, काकू," ती म्हणाली. "म्हणूनच तं आली परत. सगळीकडे कोनाले तरी विचाराचंच असते. म्हटलं, यक डाव त्या मानसालेच विचारून पाहू."

मी किल्ली आणली. तिनं ती लगेच घेतली नाही. भाडं सगळ्यांकडून घेता तेवढंच घ्या, आणि उपकार केले असं कुणाला सांगत फिरू नका, हे तिनं आधी कबूल करून घेतलं. मी नेमकं तेच करणार होते, हे तिला कसं कळलं कोण जाणे.

ती गेल्यावर आजोबा म्हणाले, माझ्या नावावर आजवर काय काय नाकारलंस त्याची यादी कर. तुला याद्या आवडतात. टोमणाच होता, पण मी खरोखर यादी केली, क्रमांक घालून आणि खाली स्वतःचं नाव लिहून. बरंचसं किरकोळ निघालं. सातव्या क्रमांकावर मात्र हात थांबला. कोलाम आदिवासींच्या पाड्यावरची एक मुलगी, तिला दहावीच्या वर्षापुरती आपल्याकडे राहू द्या म्हणून तिच्या शिक्षिका आल्या होत्या. त्यांनाही मी विचारून सांगते म्हटलं होतं. ती मुलगी पुढे शिकली की नाही, मला माहीत नाही. मी चौकशी केली. त्या बाईंची बदली झाली होती आणि मुलीचं नाव मी तेव्हा लक्षातही ठेवलं नव्हतं. या नोंदीपुढे काय लिहायचं? क्षमा तरी कुणाकडे मागायची? आजोबांनी यादी वाचली आणि ते म्हणाले, मलाही ठाऊक होतं, तू माझं नाव पुढे करतेस. मलाही ते सोयीचंच होतं. मग त्यांनी पेन मागून घेतलं आणि खाली माझ्या नावाशेजारी स्वतःचं नाव लिहिलं.

वसाहतीत कुजबुज झाली. हळदीकुंकवाला कुणी तरी म्हणालंच, निदान आम्हाला विचारायचं तरी होतं. मी म्हटलं, तुम्ही तुमच्या ह्यांना विचारून सांगितलं असतं. काही हसल्या, दोघींनी माझ्याकडे येणं बंद केलं. सुजाताची आई वरच्या खोलीत साडेतीन वर्षं जगली, आणि आजोबांच्या शेवटच्या आजारात सुजातानंच त्यांना सलाइन लावलं. पण हे मी बक्षीस म्हणून सांगत नाही. तिची आई पहिल्याच महिन्यात गेली असती, तरी किल्ली देणं तितकंच योग्य ठरलं असतं.

तेव्हा ईरा, तुझ्या हातात काय होतं? तुझं बोलणं तुझ्या हातात होतं. त्याची किंमत पडली असती हे खरं. पण किंमत पडते म्हणून ते हातात नव्हतं, असं होत नाही. मी तुला कठोर वाटेन. वाटू दे. ते खापर अजून त्या सहकाऱ्याच्याच डोक्यावर आहे ना? मग अजून वेळ गेलेली नाही. माझी सातव्या क्रमांकाची मुलगी मला सापडत नाही. तुझा माणूस तुझ्या शेजारच्या टेबलाशी बसलेला आहे.

सुजाता गेल्या महिन्यात स्वतःच्या घरी राहायला गेली. खोली बघायला आता नवी माणसं येताहेत. पूर्ण नाव मी विचारत नाही. पण ती आपणहून सांगतात, आणि एखादं नाव ऐकलं की आत काहीतरी अजूनही मागे सरतं. सत्त्याहत्तराव्या वर्षीही ते गेलेलं नाही. त्यानंतर एक क्षण येतो, ज्यात माझ्याऐवजी उत्तर द्यायला कुणी नसतं. तोही अजून आहे, आणि त्यात मी हो म्हणते.