धरून उभं राहायचं

उजनी धरणाच्या पाण्यावर दोन होड्यांना फळ्या ठोकून केलेला एका नावाड्याचा तराफा होता. पलीकडच्या काठावरून केळी आणायला मी सोलापूरहून जायचो, पण त्याचं नाव कधी विचारलं नाही. गिऱ्हाईक कितीही तापलं तरी तो विडी शिलगावून हसायचा. तेच मला खुपायचं.

मागे मालाचा हौदा जोडलेली तीनचाकी मोटारसायकल प्रथमच नेली तेव्हा म्हणाला, "बैलगाडीचं भाडं पडंल, मालक."

"हँडल दिसत नाही? मोटारसायकल आहे ही!" माझ्या ओरडण्यानं शेळ्या दचकल्या.

"बरं, मोटारसायकल. मग हितला रिवाज हाय, मोटारसायकलवाल्यानं गाडी धरून हुबं ऱ्हायाचं. न्हायतर पडतिया."

तीन चाकांवर आपसूक उभी असलेली गाडी मी दोन्ही हातांनी धरली. तराफा झुलत होता, बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मलाही हसू फुटलं, पण हात सोडले नाहीत. सोडले असते तर बैलगाडीचं भाडं पडलं असतं.

काठ लागला तेव्हा दिसलं, त्याचं डोकं उघडं होतं. त्यानं वाकून पुढचं चाक फळीला जखडून बांधलेला स्वतःचा पटका सोडला आणि झटकून डोक्याला गुंडाळला.

"बांधली होती, तर मला कशाला धरायला लावली?"

"लई लांबचा पल्ला, मालक. तेवढीच करमणूक की."