शेवटी बरी कधी होती?

"शेवटी बरी कधी होती?"

हा डॉक्टरीणबाईंचा पहिला प्रश्न असायचा. गाय असो, म्हैस असो, शेळी असो, काय झालं असं त्या विचारतच नसत. जनावराच्या पोटावर उजवा तळवा ठेवायच्या, मान जराशी कलती करून डोळे मिटायच्या आणि मालकाला विचारायच्या, "शेवटी बरी कधी होती?" मालक गोंधळायचा. तो आजार सांगायला आलेला असायचा आणि या त्याला बरेपणाबद्दल विचारत. मग तो आठवायला लागायचा. काल सकाळी कुटार खाल्लं, दुपारी पाणी प्याली, संध्याकाळी शेताच्या बांधावर, धुऱ्यावर चरली. "थांबा," त्या डोळे उघडायच्या. "धुऱ्यावर काय होतं?" आजार बहुतेक वेळा तिथंच सापडायचा.

संग्रामपूरकडच्या एका गावात जनावरांचा दवाखाना आहे. मी तिथं परिचर. त्या डॉक्टर म्हणून आल्या तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या होत्या. माहेर धाड गावाकडचं, शेतकऱ्याघरचं. गाव त्यांना डॉक्टरीणबाई म्हणायचं, मी मॅडम म्हणायचो. त्या मात्र सगळ्यांना एकाच नावानं हाक मारत. मला भाऊ, सरपंचाला भाऊ आणि पाय झाडणाऱ्या बैलालाही भाऊ. "सरका भाऊ, जरासे," म्हणत त्या बैलाला कोपरानं ढकलत, आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, तो सरकायचा.

त्यांच्याकडे एक जुनी स्कूटर होती. पुढे पाय ठेवायच्या जागी औषधाची पेटी, हँडलला वासरू ओढायच्या दोऱ्यांचं भेंडोळं. तीस-पस्तीस खेड्यांचा कारभार त्या स्कूटरवर चालायचा. एका उन्हाळ्यात ती रस्त्यात झटके खायला लागली. मी म्हणालो, "मॅडम, कार्बोरेटरमध्ये कचरा असंन. मी साफ करून देतो." फोनवर व्हिडिओ पाहिला होता मी. दोनदा.

"जमते काय?" त्यांनी विचारलं.

"हाव, सोपं हाय," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी मी कडुनिंबाखाली पोतं अंथरलं. सीटखालचा डबा काढला, कार्बोरेटर खोलला, पेट्रोलनं धुतला, बारीक भोकांत फुंकर मारली. असा चकचकीत केला की बायकोनं पितळी तांब्या तसा घासला नसेल. परत बसवला. किक मारली. काही नाही. पंधरा मारल्या, वीस मारल्या. घामानं शर्ट पाठीला चिकटला आणि स्कूटर मुकी ती मुकीच.

तेवढ्यात मॅडम आल्या आणि त्यांचा फोन वाजला. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका वस्तीवरून सुमनबाई बोलत होत्या. घरी दोन गाई, त्यातली एक पहिलटकरीण. "तीन घंट्यांपासून जोर लावून राह्यली, म्याडम. एकच पाय दिसते. वासराचं तोंड काही दिसत नाई."

मॅडमनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी गाडी शोधायला चौकात पळालो. लग्नाची दाट तिथ होती. सगळ्या जीपा वऱ्हाडात, मोटरसायकली त्यांच्या मागे. बसला दोन तास होते. वस्ती अकरा किलोमीटरवर. परत आलो तर मॅडम पदर खोचून स्कूटरपाशी उकिडव्या बसल्या होत्या, आणि तळवा इंजिनावर होता.

"शेवटी बरी कधी होती?" त्यांनी विचारलं.

"मी हात लावायच्या आधी," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. "मले स्कूटरमधलं काही कळत नाही, भाऊ. पण तुमाले तुमच्या हातानं काय काय केलं ते तर कळते. पहिल्यापासून सांगा."

मी सांगत गेलो, त्या ऐकत गेल्या. पेट्रोल आहे का? टाकी अर्धी भरलेली. ठिणगी? मी प्लग काढला, इंजिनाला टेकवून किक मारली. टक्‌ करून निळी ठिणगी उडाली. मॅडमनी प्लग हातात घेतला, बोटानं पुसला, हुंगला. "कोरडा हाय," त्या म्हणाल्या. "पेट्रोलचा वासही नाई. वीस किका मारल्या अन् हिच्या तोंडात घोट गेला नाई. म्हंजे पोट बिघडलेलं नाई, हिले पाणीच पोचून नाई राह्यलं."

मला अचानक सगळं दिसायला लागलं. तास दीड तास मी कार्बोरेटरकडेच बघत होतो, आणि दोष त्याच्या अलीकडे होता. मी पेट्रोलची जाड नळी कार्बोरेटरवरून उपसली. एक थेंब नाही. टाकी भरलेली आणि नळी कोरडी.

"अन् ही बारकी कोणती?" मॅडमनी टाकीखालच्या कॉकला लागलेली एक करंगळीहून बारीक नळी धरली. तिचं दुसरं टोक मोकळंच लोंबत होतं. ती कुठून सुटली हे मला आठवतच नव्हतं.

मॅडम क्षणभर त्या टोकाकडे पाहत राहिल्या. मग उठून आत गेल्या आणि मोठी सिरिंज घेऊन आल्या, म्हशीला वापरतात ती. सिरिंजचं तोंड त्या नळीत घातलं आणि दांडा मागे ओढला. जाड नळीतून पेट्रोलची धार माझ्या चपलेवर पडली.

"ओढ लागते हिले," मॅडम म्हणाल्या. आवाज एकदम वर गेला होता. "कोणी ओढलं तरच कॉक उघडते. आता ओढते कोण? इंजिनच ओढत असंन. पाहा भाऊ, इंजिनच्या गळ्याजवळ कुठी भोक हाय काय."

मी हात आत घातला. काही दिसत नव्हतं, बोटांनीच चाचपत गेलो. मागच्या बाजूला, कार्बोरेटर जिथं इंजिनाला जुळतो तिथं, दाण्याएवढी तोटी लागली. "हाय, मॅडम. हाय." जाड नळी जागेवर बसवली. त्यांनी सिरिंज आणखी दोनदा ओढून कार्बोरेटर भरून घेतला, मग मी बारीक नळी त्या तोटीवर घट्ट बसवली, प्लग परत लावला आणि सांडलेलं पेट्रोल पुसून काढलं.

पहिली किक, काही नाही. दुसऱ्या किकेला एक खोकला. तिसऱ्या किकेला स्कूटर धुरासकट असा आवाज करत सुरू झाली की कडुनिंबावरचे सगळ्या साळुंक्या उडाल्या. मॅडमनी सीटवर थाप मारली, "शाब्बास भाऊ," आणि ती शाबासकी मला होती की स्कूटरला, हे मी आजही सांगू शकत नाही.

मी पेटी मांडीवर घेऊन मागे बसलो. सीटखालचा डबा कडुनिंबाखालीच राहिला. त्या दिवशी मॅडम ज्या वेगानं गेल्या तो वेग मी पुन्हा कधी पाहिला नाही.

गाय आडवी पडली होती. सुमनबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मॅडमनी खांद्यापर्यंत हात धुतला, तेल लावलं, आत घातला आणि डोळे मिटले. "तोंड सरळ हाय. दुसरा पाय गुडघ्यात दुमडला." गाईला कळ येई तेव्हा त्या थांबत, कळ ओसरली की वासराला मागे रेटत. दुमडल्या पायाच्या खुरानं गर्भाशय फाटू नये म्हणून खूर तळव्याच्या ओंजळीत धरून त्यांनी पाय हळूहळू पुढे आणला. चेहरा लाल झाला होता, दात ओठात रुतले होते. "दोरी," त्या म्हणाल्या. मी दोरी दिली. "आता तिच्या कळेसंग ओढा. तिच्या आधी नाई."

वासरू बाहेर आलं ते निपचित. सुमनबाईंनी तोंडावर पदर घेतला. मॅडमनी त्याचं नाक पुसलं, नाकपुडीत काडी घातली, कापडानं छाती खसाखसा चोळली. मग ते शिंकलं. खरंच, आधी शिंकलं आणि मग श्वास घेतला.

सुमनबाई मॅडमच्या गळ्यात पडल्या आणि मॅडम ओल्या हातांनी त्यांची पाठ थोपटत राहिल्या.

चार वर्षांनी मॅडमची बदली झाली. दवाखाना तसाच चालू राहिला. तिसऱ्या दिवशी एक म्हातारी डोक्यावर टोपलं आणि हातात शेळीची दोरी घेऊन दूरच्या खेड्यातून चालत आली.

"डॉक्टरीणबाई कुठी हाय?"

"बदली झाली, आजी. आता नवे डॉक्टर येतीन."

"ते येऊ दे. पण त्या कधी येतीन?"

मी पुन्हा समजावून सांगितलं. ती पायरीवर बसली. मी म्हणालो, शेळी मी पाहतो, काय होते तिला?

"काही नाई होत," म्हातारी म्हणाली. "बाईले दाखवाले आणली." तिनं टोपल्यावरचं फडकं बाजूला केलं. आत दोन काळी पिल्लं एकमेकांवर मान टाकून झोपली होती.

ऊन पायरीवर येईपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग तिनं फडकं नीट झाकलं, टोपलं डोक्यावर घेतलं आणि शेळीला म्हणाली, "चाल वं."