देवरावभाऊंनी नाकारलेलं पाणी

देवरावभाऊंच्या गाडीत चढलेल्या पाहुण्याला आधी बसायला मिळत नसे, आधी वास घ्यावा लागे. बाकाखालच्या टाकीचं झाकण उघडून ते म्हणत, "घ्या वास. घ्या ना जी, लाजता काऊन?" पाहुणा बिचारा गुडघ्यांवर बसून रिकाम्या टाकीत नाक खुपसायचा. कसलाच वास येत नाही असं तो म्हणाला, की भाऊंचा चेहरा फुलायचा. "नाई येत ना? मंग! पान्याले वास नाई पायजे, अन् टाकीले तं अजिबातच नाई."

ऊर्जानगरच्या वीज केंद्रात बॉयलरला जाणारं पाणी शुद्ध करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. मी भांडारात कारकून. आमची क्वार्टर्स समोरासमोर. निवृत्तीनंतर लोक घर बांधतात. भाऊंनी शाळेची जुनी मिनीबस घेतली आणि तिचंच घर केलं. झोपायला दोन बाक, स्वयंपाकाला ओटा, स्टीलचं सिंक आणि एका बाकाखाली पिण्याच्या पाण्याची टाकी. विमलबाई, त्यांची पत्नी, म्हणायच्या, "मले गाडीत बसवतेत, पन जीव याइचा टाकीत हाये."

सफरीवर निघण्याआधी टाकी धुण्याचा सोहळा अख्खी कॉलनी पाहत असे. टाकी रिकामी करायची, खांद्यापर्यंत हात आत घालून मऊ फडक्याने कोपरे पुसायचे. मग क्लोरीनचं पातळ द्रावण भरून सिंकचा नळ सोडायचा. नळाला वास आला म्हणजे आतल्या नळीतही औषध पोचलं. ते काही तास मुरू द्यायचं, ओतून टाकायचं आणि वास जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवत राहायचं. विसळायला म्हणून ते टाकी अर्धी भरून गाडी मुद्दाम खड्ड्यांतून हिंडवून आणत. "लोकं रस्त्याले शिव्या देतात. मी त्याले टाकी घासाले ठेवलो हाव." पाणी भरायची नळी वेगळी, तिच्या दोन्ही तोंडांना बुचं. ती मी एकदा माझ्या गुलाबांना लावली, तर भाऊ कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. परत आल्यावर टाकी कोरडी करून, तोंडावर मलमल बांधून ती उघडी ठेवायची. "झाकलेली ओली टाकी म्हंजे तोंड बंद करून बसलेला मानूस. आतून नासते."

आम्ही सगळे हसायचो. मी जरा जास्तच. मला गोष्ट रंगवून सांगता येई, आणि मी कँटीनमध्ये बोलायला लागलो की लोक खुर्च्या ओढून जवळ येत. ते मला आवडायचं.

भाऊंच्या हाताखाली मडावी नावाचा गडी होता, धानोऱ्याकडच्या जंगलातल्या एका गोंड वस्तीच्या गावचा. दोघांनी वर्षानुवर्षं एका डब्यात जेवण केलेलं. त्याने आग्रह धरला, "भाऊ, एकदा माझ्या गावाले न्या गाडी. दादाले लय कौतुक हाये." त्याला स्वतःला ड्युटी होती. भाऊ आणि विमलबाई निघाले, रजा काढून मीही बरोबर गेलो.

मडावीच्या मोठ्या भावाने अंगण सारवून ठेवलं होतं. आम्ही उतरतो तोच घरातल्या बाया डोक्यावर पाण्याने भरलेले पितळी गुंड घेऊन विहिरीकडून आल्या. आम्हाला तांब्या दिला, आणि दादा हसत म्हणाला, "गाडी बी लांबून आली. तिले बी तहान लागली असन." बाया गुंड घेऊन टाकीकडे वळल्या. भाऊ पळतच गेले आणि टाकीच्या तोंडावर त्यांनी दोन्ही हात ठेवले. "नोको बाई! गाडीत नोको!" बाया थबकल्या. दादाचं हसू तसंच अर्धवट राहिलं. मग भाऊंनी एका बाईच्या गुंडातून तांब्या भरून घेतला आणि उभ्या उभ्या सगळा रिकामा केला. दुसरा भरला, तोही प्यायले. "मले पाजा जी, किती बी पाजा. गाडीले नाई." दादा मोठ्याने हसला, "अजब मानूस हाये!" आणि तिथे ते संपलं. आम्ही पोटभर जेवलो.

परतीच्या वाटेवर भाऊ गाडी चालवत होते, तेव्हा विमलबाईंनी मला कारण सांगितलं. विमलबाईंचं स्वतःचं मूत्रपिंड बदललेलं होतं, त्यांच्या बहिणीने दिलेलं. औषधांमुळे शरीराची ताकद इतकी कमी झाली होती की साधं विहिरीचं पाणीही त्यांना बाधलं असतं; अंगणात दिलेला तांब्या त्यांनी नुसता हातात धरून खाली ठेवला होता. ते एकदा टाकीत गेलं असतं, तर रानात टाकी पुन्हा धुवायची कशी? "पन तुम्ही कोनाले सांगू नका. लोकं कीव करतेत, मले थे नाई पायजे." मी शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मी गोष्ट सांगितली. भाऊंची धाव, टाकीवर पसरलेले हात, बायांचे चेहरे. कुणीतरी विचारलं, "मंग?" मी थांबलो. ते दोन तांबे सांगितले असते तर गोष्टीतली मजा गेली असती. मी म्हणालो, "मंग काय, पानी परत गेलं." हशा पिकला. त्यानंतर ती गोष्ट मी पुष्कळदा सांगितली, लग्नाच्या पंगतींतसुद्धा. सांगता सांगता ती अशी झाली, की देवरावने गोंडांच्या हातचं पाणी नाकारलं.

मडावीच्या कानावर ती गेली. त्याने भाऊंशी बोलणं सोडलं. भाऊ त्याच्या क्वार्टरवर गेले, मी तर तिथलं पाणी प्यायलो म्हणाले, तर त्याने दारातच विचारलं, "तुमाले चालते, मंग गाडीले काऊन नाई चालत?" बायकोचं आजारपण उघड न करता त्याला उत्तर देता येण्यासारखं नव्हतं. भाऊ परत आले आणि थेट माझ्याकडे आले. चिडले नव्हते. "तुम्ही गोष्ट चांगली सांगता. पन मडावीले सांगानं तं पुरी सांगा." मी सांगतो म्हणालो. मडावी रोज समोर दिसायचा आणि मी रोज पुढे ढकलायचो. विमलबाईंना शब्द दिलाय, असं मी स्वतःला बजावत असे. पण शब्द आजारापुरता होता. त्या दोन तांब्यांबद्दल मला कुणीच गप्प राहायला सांगितलं नव्हतं.

पुढे विमलबाई गेल्या. मी भाऊंना म्हटलं, आता तरी खरं कारण सांगून टाका. ते टाकीला फडकं बांधत होते. म्हणाले, "तिच्या मागं तिची बिमारी चव्हाट्यावर आनून मले चांगलं ठरायचं नाई." त्यानंतर गाडी क्वचितच हलली. टाकी मात्र ते धूत राहिले.

गेल्या उन्हाळ्यात भाऊ गेले. मैताला अर्धी कॉलनी होती, मडावी नव्हता. पावसाळा ओसरल्यावर मी एसटीने त्याच्या गावी गेलो. निवृत्त होऊन तो तिथेच राहतो. त्याचा दादा आता नाही. मडावी ओसरीत वाखाची दोरी वळत बसला होता. मी सगळं सांगितलं, विमलबाईंचं आजारपणही. त्याच्या हातातली दोरी थांबली.

"दादाले इचारलं नाई मी कधी," तो म्हणाला. "वाटलं, अपमान झाला तं तो गिळून बसला. कायले जखम उकरा. अन् तो दरसाली मले पुसे, तुया तो गाडीवाला दोस्त काऊन येत नाई रे? मले वाटे, पाहा, माहा दादा केवढ्या मनाचा." तो माझ्याकडे पाहत नव्हता. "मी त्याले सांगो, गाडी बिघडली."

मी माफ कर म्हणालो, ते त्याने ऐकलंच नाही असं केलं. मी उठलो तेव्हा एवढंच म्हणाला, "मले सांगून काय होते? ज्याइले हासवलं, त्याइले सांगा."

त्यांतले किती तरी आता कुठे आहेत मला ठाऊक नाही. कुणी मुलांकडे गेले, कुणी गोंडपिपरीकडे शेतीवर, काही राहिलेच नाहीत. म्हणून हे लिहिलं. देवरावभाऊंची ती गोष्ट तुम्ही कधी ऐकली असेल, कुठेही, कुणाच्याही तोंडून, तर ती माझ्यापासून निघालेली आहे. ती खोटी आहे. तो माणूस तिथलं पाणी पोटभर प्यायला होता.