सासू नावाचं गाव

भोरच्या कॉलेजात तासिकांवर शिकवणाऱ्या एका बाईला पुण्यातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी फसवलं. बाई म्हणजे मी. प्रमुख म्हणजे ते सर, ज्यांच्या हाताखाली पीएच.डी. करायला मिळावी म्हणून मी दोन वर्षं त्यांच्या दाराशी उभी होते. त्यांनी माझा विषय घेतला आणि दुसऱ्याला दिला. बाकी सगळा तपशील आहे. पण मी तपशिलावरच जगत आले आहे.

किकवीला हायवेच्या कडेला डोंगरातला तांदूळ विकून मी एम.एस्सी. केली. गाडीतून उतरलेलं गिऱ्हाईक भाव विचारताना तांदळाकडे बघतं की घड्याळाकडे, यावरून ते घेणार की नाही हे मला कळतं. आधी गिऱ्हाईक जोखायचं, मग पोतं उघडायचं. हे जिला झोपेतही चुकत नाही, तिनं सरांपुढे पोतं आधी उघडलं.

विषय आमच्या राबाचा होता. आमच्या गावी, पासलीला, भाताचं रोप टाकण्याआधी त्या जागेवर शेण, पाला, काटक्या पसरून जमीन भाजतात. भाजलेल्या त्या तुकड्याला राब म्हणतात. एवढ्या आगीतून मातीतले कुठले जिवाणू वाचतात आणि ते रोपाला करप्या रोगापासून वाचवतात का, हा माझा प्रश्न. तो मला पुस्तकात सापडला नव्हता. आमच्या घरचा एक राब असा आहे की शेजारची सगळी खाचरं करप्यानं तांबडी पडली तरी त्याचं रोप हिरवंगार उभं असतं. चुलतीनं त्याला ‘सासू’ नाव ठेवलं. तिच्या सासूला म्हणे जन्मात कधी ताप आला नव्हता, आणि तिच्यापुढे कुणाचं काही चाललंही नव्हतं.

सरांच्या प्रकल्पात शिष्यवृत्तीसह पीएच.डी.ची एकच जागा निघाली. अर्जाआधी मार्गदर्शकांना आराखडा दाखवावा, असं जाहिरातीतच होतं. मी ईमेलनं पाठवला. सोबत मातीच्या नमुन्यांची यादीही जोडली: पासली एक, पासली दोन, पासली तीन, सासू. पिशव्यांवर जे लिहिलं होतं तेच यादीत उतरवलं. सरांनी पंधरा दिवसांनी फोन केला.

“विषयात दम नाही हो. लोककथेसारखं वाटतं. दुसरं काही सुचतंय का बघा.”

मला दुसरं सुचलं नाही. वयाची अट बघता ते माझं शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वेळी मला अर्जच करता येणार नव्हता. म्हणून तोच आराखडा मी निवड समितीकडे पाठवला.

मुलाखतीला समोर तिघे होते. सर त्यांच्यात नव्हते. ते बाहेर सगळ्यांना चहा हवा का विचारत फिरत होते. मी बसले आणि अध्यक्षांनी पहिलाच प्रश्न विचारला.

“याच विषयाचा, याच ठिकाणांचा एक अर्ज आमच्याकडे आधी आला आहे. त्या उमेदवाराची मुलाखत आत्ताच झाली. हे कसं काय?”

त्यांनी तो कागद माझ्याकडे वळवला. पासली एक, पासली दोन, पासली तीन, सासू. तोच क्रम, फक्त ‘गाव’ या रकान्याखाली.

मला हसू आलं. वाटलं, चोर सापडला. मी म्हणाले, “सासू हे गाव नाही. तो आमच्या घरचा राब आहे. ते नाव आमच्या घराबाहेर कुणालाही माहीत नाही. हे ज्यानं लिहिलं त्यानं माझी यादी बघितली आहे.”

तिघे एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना कळलं होतं. मी रोज माणसांचे चेहरे वाचते. तिघांनाही नीट कळलं होतं. मग अध्यक्ष कागद सरळ करत म्हणाले, “आधीच्या उमेदवारानं सांगितलं की ती पासलीजवळची वाडी आहे. त्यानं अक्षांश-रेखांशही दिले आहेत. आणि तुम्ही म्हणता हे घरगुती नाव आहे. नमुन्यांच्या जागांना अशी टोपणनावं देणं शास्त्रीय आहे का?”

दुसऱ्यानं विचारलं, “लग्न झालंय तुमचं?”

“नाही.”

“मग सासू आधीच कशी आली?”

तिघेही हसले. मी उठले आणि म्हणाले, “तुमच्या घरात असेल ना एखादी? तिच्या पायाखालची माती तपासा. अक्षांश मी सांगते.”

हे मी बोलायला नको होतं. निकालात माझ्या नावापुढे ‘संयम व संवादकौशल्याचा अभाव’ असं लिहून आलं. जागा माझ्याआधी मुलाखत दिलेल्या त्या मुलाला मिळाली.

महिन्याभरानं सरांचा फोन. आवाज मधाळ.

“तुमच्यावर अन्याय झाला असं मला वाटतं. आमच्या प्रकल्पात क्षेत्र सहायक हवा आहे. नमुने गोळा करायचे, लेबलं लावायची. तुम्हाला तो भाग माहीत आहे.”

“शोधनिबंधावर माझं नाव येईल?”

“सहायकाचं नाव आभारात असतं.”

“मग माती मिळणार नाही.”

“ताई, मातीवर काय कुणाची मालकी असते?”

फोन मीच ठेवला. सरांनी घासाघीस केली नाही, याचा मला तेव्हाच संशय यायला हवा होता. गिऱ्हाईक भाव न करता निघून जातं, तेव्हा त्याला माल दुसरीकडे मिळणार असतो.

राब भाजून झाले त्या आठवड्यात तो मुलगा पासलीला आला. मी किकवीला होते. गावातल्या दुकानदारानं नंतर मला सगळं रंगवून सांगितलं. मुलानं मोबाईल पुढे करून विचारलं, सासू गाव कुठे आहे?

“कुणाची सासू, सायेब?”

“गाव. सासू गाव.”

“हितं घराघरात हाय एकेक. तुमाला चांगली पायजे का खाष्ट?”

अख्खं दुकान हसलं. मुलगा रडकुंडीला आला, तेव्हा कुणीतरी त्याला आमच्या चुलत्यांच्या घरी पोचवलं. चुलत्यांनी त्याला चहा पाजला, राब दाखवला, स्वतः कुदळ घेतली आणि पाच पिशव्या भरून दिल्या.

संध्याकाळी मी पोचले तेव्हा ते पडवीत बसून पाय चोळत होते.

“तात्या, त्याला माती का दिली?”

“अगं, पोरगं उन्हात आलं व्हतं. मातीच तर मागितली त्यानं. माती काय इकायची आसती व्हय?”

“माझं काम होतं ते.”

“मग तुझ्याच कामाला दिली की. त्यो म्हनला, ताईंच्याच सायबानं धाडलंय.”

मी त्यांना म्हणाले, “तुमी म्हंजे फुकट्यांचे बाप. अंगठा मागितला असता तर तोबी दिला असता. नाहीतरी दुसरं काय येतं तुमाला?”

तात्यांना सही करता येत नाही. मला ते माहीत होतं, म्हणूनच मी ते बोलले. त्यांनी पाय चोळायचं थांबवलं, हात मांडीखाली घेतले आणि आत निघून गेले. चुलतीनं मला पाणीसुद्धा विचारलं नाही. त्यानंतर तात्या माझ्याशी कामापुरतं बोलतात. मी माफी मागितलेली नाही. मला ती मागता येत नाही.

आता तो मुलगा माझ्या प्रश्नावर काम करतो आहे. तो वाईट नाही. घाबरट आहे आणि सर सांगतील ते करतो. मध्ये त्यानं मला मेसेज पाठवला: राबात पाला आधी घालतात की शेण? मी उत्तर दिलं नाही. ते त्याला चुकीचं सांगावं, असं मात्र दोनदा मनात आलं.

त्याच्याशी माझं भांडण नाही. तात्यांशी जे आहे ते माझं मी बघेन. सर, मला तुम्ही उत्तर द्यायचं आहे. ज्या विषयात दम नव्हता, तो मी तुम्हाला पाठवलेल्या ईमेलमधून त्या मुलाच्या अर्जात कसा गेला? आणि चहा वाटत फिरताना आत काय विचारलं जाणार आहे, हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं? फोनवर नको, ताई म्हणून नको. प्रयोगशाळेच्या कागदावर, तारीख घालून, तुमच्या सहीनं. पोस्टानं पाठवू नका. सोमवारी मी स्वतः येते आहे. कागद तयार ठेवा.