नको झालेले डबे

“मेलेल्या माणसाचं पीठ जित्याच्या पोटात घालायचं? मला न्हाय पटत, अक्का!” शकू हात नाचवत म्हणाली.

“मग काय गटारात ओतायचं? ओतणाऱ्याचा हात धरीन मी!” मीही आवाज चढवला.

ह्या भांडणाचं पुढं सांगतेच, पण आधी आमची खोली कळली पाहिजे. सोलापुरात आमच्या पेठेतल्या देवळामागं ती आहे. घराघरांतून नको झालेला किराणा तिथं येतो. खाण्यासारखं असेल ते शकू आणि मी गरजूंना वाटतो, बाकीचं टाकतो. शाळा मी पाहिली नाही, पुड्यांचे कागद वाचून अक्षरं शिकले. तरी शेवटचा शब्द माझाच! पण डब्यामागून त्याची गोष्टही येते, आणि ती काही कुणी घेऊन जात नाही. अशा लई साठल्यात.

*

एका मास्तरीणबाईंनी नूडल्सची पाकिटं आणली. तारीख कधीच उलटलेली!

“तुम्ही खाल का?” मी विचारलं.

“छे हो! आमच्याकडं सगळ्यांची पोटं नाजूक.”

“आणि गरिबाचं काय पत्र्याचं?”

बाई पाकिटं घेऊन गेल्या. पुढच्या खेपेला तीच पाकिटं आली, तारीख खरवडून!

*

एकानं आईची लोणच्याची बरणी आणली. आई जाऊन वर्षं झालेली. “जुनं झालंय, टाकून द्या,” म्हणाला.

शकूनं बरणीच्या तोंडाला बांधलेला फडक्याचा दादरा सोडला. बुरशीचा ठिपका नाही. कैरी आत्ताच फोडल्यासारखा वास. मी बोट बुडवलं आणि झटकन काढलं. तेल कोमट होतं! फोडणी नुकतीच ओतल्यासारखं.

“उन्हातनं आणली व्हय?” शकूनं विचारलं.

“नाही. फ्रिजमधनं.”

त्यानंही बोट बुडवून पाहिलं. मग बरणी पोटाशी धरली आणि निघून गेला. चप्पल आमच्या दारातच राहिली.

*

बंद पडलेल्या एका घरातून ज्वारीचं पोतं आलं. दाणा टपोरा, किडा नाही, उंदरानं दात लावलेला नाही. मला ते जरा जास्तच चांगलं वाटलं. मूठभर अंगणात टाकली. चिमण्या उतरल्या, दाण्यांभोवती गोल करून बसल्या. एकीनंही दाणा टिपला नाही! बसल्या तशा उडाल्या.

पोतं मी पुरायला लावलं. घरमालकाचा पुतण्या चिडला, “टेस्ट केल्याशिवाय चांगलं धान्य पुरलंत?”

“केली की टेस्ट,” शकू म्हणाली. “रिपोर्ट उडून गेला!”

*

आता परवाचं ते भांडण.

सकाळी गंगूबाईंची सून आली. पिठाचा स्टीलचा डबा उंबऱ्याबाहेर ठेवला आणि आत न येता गेली. डब्यावर सासूचं नाव घातलेलं. गंगूबाई आमच्यातल्याच. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून धान्य निवडायच्या. त्या गेल्यापासून त्या खुर्चीवर कुणी बसत नाही.

आमच्याकडं माणूस गेलं की त्या जागेवर पीठ पसरून दिवा ठेवतात. त्या पिठावर काही उमटलंय का ते बघतात, मग पाण्यात सोडतात. शकूचं म्हणणं, दिव्याचं पीठ ह्याच डब्यातलं, म्हणून उरलेलंही टाकायचं. माझं म्हणणं, दिव्याचं पीठ गेलं दिव्याबरोबर, उरलं ते भाकरीचं!

दारात पुष्पा रिकामी पिशवी घेऊन उभी होती. चादरीच्या कारखान्यातलं काम सुटलेलं, पेठेत नवीच राहायला आलेली, आमच्याकडं पहिल्यांदाच. घरात पीठ नव्हतं आणि पोरं कालपासून चहावर होती.

“त्या पोरांना काय झालं तर? तुमी भरून देणार?” शकू म्हणाली.

“आणि उपाशी राहून झालं तर? तू देणार?”

“मग तुमच्या घरचं पीठ द्या की, अक्का!”

“देईन! पण हे टाकू देणार नाही!”

डब्याचं झाकण तोवर कुणी उघडलंही नव्हतं. मी ओढत होते, शकू ओढत होती. पुष्पा आमच्याकडं बघतच नव्हती. कोपऱ्यातल्या खुर्चीकडं तोंड करून, कुणी मोठं माणूस सांगतंय आणि आपण ऐकतोय, तशी मान हलवत होती. डोक्यावर पदरही घेतला होता.

मग ती पुढं आली, आमच्या दोघींच्या हातातून डबा घेतला आणि म्हणाली, “भांडू नका की मावशी, ह्या आजी म्हणत्यात, पीठ माझं हाय, त्याची विरी गेलीया, भाकरी तुटंल, उकळत्या पाण्यात मळ आणि आदी पोरांना घाल.”