मांडीवरचा झेंडा

आमच्या चर्चच्या शाळेचा झेंडा पंचवीस वर्षं एकाच बाईच्या हातानं बांधला जातो, आणि ती बाई शिक्षिका नाही, सिस्टर नाही, ख्रिस्ती तर नाहीच. ती कृष्णाबाई. जूचंद्रहून येते, सकाळी साडेसहाला फाटक उघडते आणि संध्याकाळी शेवटची खिडकी लावून जाते. हजेरीपटावर ‘सेविका’ असं लिहिलेलं आहे. मुलं ‘मावशी’ म्हणतात. मी मात्र कृष्णाबाईच म्हणते, कारण वयानं मी तिच्याहून दोनच वर्षांनी मोठी आहे आणि मावशी म्हणण्याइतकी गोड मी कुणाशीच वागत नाही. मी मराठी शिकवते. मला शाळेत ‘तिखट टीचर’ म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि मुलांना वाटतं की ठाऊक नाही.

झेंडा बांधणं हे काम दिसतं तितकं सोपं नसतं. एका वर्षी कृष्णाबाई तापानं घरी होत्या, तर आमच्या पीटीच्या सरांनी हौसेनं झेंडा बांधला. पाहुण्यांनी दोरी ओढली, पुन्हा ओढली, लोंबकळायचे तेवढे राहिले. शेवटी वरून फुलांचा ओला गोळा धपकन खाली पडला आणि झेंडा तसाच गुंडाळलेला राहिला. ऑगस्टमधली फुलं ओली असतात, गाठ त्यांच्यामुळे फुगून बसते, एवढं साधं सरांना सुचलं नव्हतं. कृष्णाबाई आदल्या दिवशीच फुलं स्टाफरूममध्ये वर्तमानपत्रावर पसरतात आणि पंखा लावतात. त्या दिवशी आम्ही कुणी पंख्याखाली बसत नाही. फुलं आमच्या होळी गावातल्या वाडीतली असतात, तगर आणि थोडा गुलाब. ती नेऊन देणं एवढंच माझं काम.

आमच्याकडे पंधरा ऑगस्टला दोन सण एका दिवशी येतात. मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आणि स्वातंत्र्याचा. म्हणून आधी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सणाची सामुदायिक प्रार्थना, आणि मग शेजारी शाळेच्या मैदानात झेंडा. कृष्णाबाई बांधलेला झेंडा मैदानात एकटा ठेवत नाहीत. पाऊस आला तर? कुत्र्यानं ओढला तर? त्या तो ताटात ठेवतात, ताट घेऊन चर्चमध्ये येतात, शेवटच्या बाकावर बसतात आणि मिस्सा संपेपर्यंत झेंडा मांडीवर धरून असतात. नव्या माणसांना नवल वाटतं, आम्हाला कधीच वाटलेलं नाही.

अल्पेश हा कृष्णाबाईंचा एकुलता एक मुलगा. याच शाळेत शिकला, माझ्याच वर्गात. उंच, गप्प, आणि हमखास उशिरा येणारा. आई साडेसहाला शाळेत आणि पोरगा पावणेआठपर्यंत सायकलवर रस्त्यात. मी हजेरी घ्यायची, ‘अल्पेश म्हात्रे’ म्हणायची, उत्तर नाही. तेवढ्यात दाराबाहेर व्हरांडा झाडणाऱ्या कृष्णाबाई हात वर करून म्हणायच्या, आलाय टीचर, सायकल लावतोय. वर्ग खो खो हसायचा. मी चिडायची आणि हजर मांडायची.

दहावीला तो गणितात नापास झाला. पुढच्या वर्षी पुन्हा बसला आणि पास झाला. एकोणिसाव्या वर्षी सैन्यात गेला. पहिल्या रजेवर आला तेव्हा आईच्या हातातला झाडू काढून घेऊन त्यानं अख्खं मैदान झाडलं, आणि कृष्णाबाई ध्वजस्तंभाच्या कट्ट्यावर राणीसारख्या बसून बघत होत्या. नऊ वर्षांपूर्वी सीमेवर लढताना तो गेला. तेवीस वर्षांचा होता. कृष्णाबाईंनी सव्वा महिना रजा घेतली आणि मग सकाळी साडेसहाला येऊन फाटक उघडलं. मी त्यांना काय म्हटलं ते मला आठवत नाही. बहुधा काहीच नाही. अशा वेळी माझी जीभ, जी एरवी कुणाला ऐकत नाही, नेमकी बंद पडते.

मागच्या वर्षी सिस्टर प्रिस्का मुख्याध्यापिका म्हणून आल्या. तरुण, उत्साही, आणि दर आठवड्याला नवीन कल्पना. पण ही कल्पना मला आवडली. त्या म्हणाल्या, आपण स्वातंत्र्यदिनी नुसती भाषणं करतो. ज्यांनी स्वातंत्र्य राखलं त्यांचे आभार मुलांनी मानायला हवेत, आणि प्रत्येक मुलानं आपल्या घरच्या भाषेत. आमच्या शाळेत होळीची, जूचंद्रची पोरं आहेत तशी तुळिंजहून बस भरून येणारीही आहेत. हिंदी, गुजराती, उर्दू, मल्याळम, आमची सामवेदी, कृष्णाबाईंकडची आगरी. अकरा भाषा निघाल्या. मग सिस्टरना कळलं की शाळेचाच एक माजी विद्यार्थी शहीद झालेला आहे आणि त्याची आई इथेच काम करते. त्यांनी लगेच ठरवलं, अल्पेशचा मोठा फोटो लावायचा, हार घालायचा, आईला व्यासपीठावर बसवायचं.

हे सांगायला मलाच पाठवलं. कृष्णाबाई पाण्याची टाकी घासत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हात धुतले, पदराला पुसले.

“टीचर, फोटो नको,” त्या म्हणाल्या. “घरी हाय त्याचा फोटो. त्याला हार हाय. शाळंत तो शाळंतला पोरगा हाय. हितं त्याला मेलेला नका करू.”

आठ वर्षांत आधीच्या मुख्याध्यापिकांनीही दोनदा विचारलं होतं, आणि दोन्ही वेळा त्यांनी नुसती मान हलवली होती. कारण मला त्या दिवशी कळलं. घरी काळूरामभाऊ, त्यांचे यजमान, पूर्वी मिठागरात काम करायचे, आता त्या फोटोसमोर बसून असतात. गल्लीत त्या शहिदाची आई. फक्त शाळेत, व्हरांडा झाडताना, अल्पेश अजून सायकल लावत असायचा. ती एवढी एकच जागा त्यांच्याकडे उरली होती आणि आम्ही मोठ्या प्रेमानं तिथे हार घेऊन निघालो होतो.

मी सिस्टरना सांगितलं, फोटो नाही म्हणजे नाही. सिस्टरचं तोंड उतरलं. मग त्यांनीच मार्ग काढला. मिस्सामध्ये मृतांच्या चिरशांतीसाठी नावं वाचतात, त्यात फक्त नाव घेऊ या. कृष्णाबाई म्हणाल्या, घ्या नाव. सगळ्यांसंगती घ्या. ते त्यांनी माझ्या भरवशावर म्हटलं, कारण नाव नोंदवायची जबाबदारी माझी होती.

आता माझा पराक्रम ऐका. मिस्सामध्ये वाचायची नावं चर्चच्या ऑफिसात द्यावी लागतात. तिथल्या छापील कागदाचे दोन भाग आहेत. वर ‘आभारप्रीत्यर्थ’, खाली ‘चिरशांतीसाठी’. वरच्या भागात आनंदाच्या गोष्टी असतात. कुणाला व्हिसा मिळाला, कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. खालच्या भागात गेलेली माणसं. ऑफिसात केनी बसतो. मी गेले तर तो म्हणाला, टीचर, यादी कालच बंद झाली. बस्स. मी त्याला त्याच्या आळशीपणाबद्दल, त्याच्या अक्षराबद्दल आणि सातवीत त्यानं लिहिलेल्या एका निबंधाबद्दल सलग पाच मिनिटं सुनावलं. त्याच दमात माझ्या भाच्याचं, फ्लॉईडचं नाव सांगितलं, तो कॅनडाला सुखरूप पोचला होता म्हणून, आणि त्याच दमात अल्पेश काळूराम म्हात्रे. वर की खाली, ते सांगितलंच नाही. केनीनं मान खाली घालून दोन्ही नावं लिहिली आणि मी पदर खोचून विजयी मुद्रेनं बाहेर पडले.

पंधरा ऑगस्टला चर्च भरलं होतं. नववीतली टिफनी यादी वाचायला उभी राहिली. “आभारप्रीत्यर्थ,” ती म्हणाली. “दहावीच्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्याबद्दल, डिलन. कॅनडाला सुखरूप पोहोचल्याबद्दल, फ्लॉईड. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाबद्दल, सॅमी आणि सेलिन. आणि अल्पेश काळूराम म्हात्रे.”

मुलाच्या मरणाचे आभार! अख्ख्या गावासमोर! ज्या बाईनं आठ वर्षांनी एकदा तोंड उघडून होकार दिला, तिच्यासमोर. मागे वळून पाहायची माझी हिंमत झाली नाही. पुढे चिरशांतीची नावं आली, त्यात अल्पेश नव्हता. उरलेली मिस्सा मी एक शब्द न ऐकता काढली.

बाहेर आले तर कृष्णाबाई स्तंभापाशी दोरी तपासत होत्या. पाहुणे आले, दोरी ओढली, झेंडा एका झटक्यात उघडला आणि पाकळ्या सिस्टरच्या डोक्यावर, पाहुण्यांच्या टकलावर, पहिल्या रांगेतल्या चिमुरड्यांच्या बुटांवर पडल्या. राष्ट्रगीत झालं. मग अकरा मुलांनी अकरा भाषांत, गेलेल्या जवानांचे आभार मानले. तुळिंजचं एक पोरगं तर ‘थँक्यू भैया, आपकी वजह से हम खेल सकते हैं’ एवढंच बोलून पळून गेलं, आणि माझे डोळे भरून आले. जे इतक्या लहान पोराला सरळ सांगता येतं, ते मला साध्या कागदावर नीट लिहिता आलं नव्हतं.

मुलं खाऊसाठी पांगल्यावर मी कृष्णाबाईंना गाठलं. त्या ओल्या मातीतून पाकळ्या वेचत होत्या. मी म्हटलं, माझी चूक झाली, त्याचं नाव भलत्याच जागी गेलं, मला क्षमा करा. आयुष्यात मी कुणाची इतकी सरळ क्षमा मागितलेली नाही.

“मना वाईट नाय वाटला, टीचर,” त्या म्हणाल्या. “तुमाला आठवत नसंल. तो धावी पास झाल्ता तवा मी तुमाला इचारला व्हता. सगळ्यांच्या पोरांची नावं तिकडं घेतात, माज्या पोराचा बी घ्याल का? तुमी बोलल्या, कृष्णाबाई, ते आमच्यातला असतं, तुमी तुमच्या देवीला नारळ फोडा.”

मला खरंच आठवत नव्हतं. हातात पेपरांचा गठ्ठा असेल, घाई असेल, डोकं तापलं असेल. पण वाक्य माझंच होतं, आवाजासकट ओळखू आलं.

“फोडला ना नारळ,” त्या पुढे म्हणाल्या. “देवी बी आपलीच. पन मना ते नाव ऐकायचा व्हता, सगळ्या पोरांच्या संगती. तो गेला तवापासून जो भेटतो तो मना शांत राहा बोलतो. तो व्हता म्हनून बरा झाला, असा कोनी बोलला नाय. आज त्या पोरीनं घेतला ना नाव, पास झालेल्या पोराच्याच यादीत.” मग त्या पुन्हा पाकळ्या वेचायला वाकल्या. मीही त्यांच्या शेजारी बसून वेचायला लागले. माझी साडी चिखलानं भरली. सिस्टर लांबून बघत होत्या, त्यांनी हाक मारली नाही.

ही गोष्ट गेल्या वर्षीची. यंदा मी चर्चच्या ऑफिसात आठ दिवस आधी गेले आणि आवाज न चढवता बसले. केनी इतका घाबरला की त्यानं मला चहा विचारला. अल्पेशचं नाव ऐकून त्यानं पेन आपणहून खालच्या भागावर नेलं. मी म्हटलं, वर लिही. तो म्हणाला, टीचर, वर लिहायचं तर कशाबद्दल ते लिहावं लागतं.

ते मला ठाऊक होतं, म्हणून मी सकाळीच कृष्णाबाईंना विचारून आले होते. मला वाटलं होतं त्या म्हणतील, देशासाठी. भाषणात असतं तसं काहीतरी. त्या फळा पुसत होत्या. त्यांनी हात न थांबवता सांगितलं, लिवा, धावी पास झाला म्हनून.

पंधरा ऑगस्टला टिफनीच उभी राहिली, आता ती दहावीत आहे. यादीतली पहिली चार नावं यंदा दहावी पास झालेल्यांची होती आणि ती चौघं पुढच्या बाकावर नव्या कपड्यांत बसली होती. पाचवं नाव आलं. “दहावीच्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्याबद्दल, अल्पेश काळूराम म्हात्रे.”

त्या चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. आपल्या वर्गात तर हा कुणी नव्हता. मग चौघंही मागे वळून सगळ्या बाकांवरून शोधू लागली, अल्पेश कोण म्हणून. शेवटच्या बाकावर कृष्णाबाईंनी मांडीवरचा झेंडा एका हातानं सांभाळला आणि दुसरा हात वर केला.